मिठावर मारलेली फुली

जिला मीठ द्यायला हवं होतं तिचं मीठ मी बंद केलं. मग तिला थकवा येऊ लागला तेव्हा सलग तीन महिने खनिजांच्या गोळ्या विकल्या. चूक एवढीच. बाकीची सगळी या चुकीची शेपटं. पण शेपटंच लांब निघाली म्हणून लिहायला बसलो.

संपादकांनी खरं तर मेडिकलच्या काउंटरमागचं काहीतरी खुसखुशीत मागितलं होतं. तो माल माझ्याकडे भरपूर आहे. जव्हारात चौतीस वर्षं मेडिकल चालवलं. नाकात टाकायचे थेंब कानात टाकून "आता बरं ऐकू येतंय" असं सांगायला आलेला माणूस मी पाहिलाय. खोकल्याचं औषध बैलाला पाजून बैल झोपला म्हणून भांडायला आलेला पाहिलाय. पण हे किस्से गिऱ्हाइकांच्या फजितीचे. दुकानदार असले किस्से सांगतो ते स्वतःचे झाकायला, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमचा धंदा बाहेरून दिसतो तेवढाच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, कधी किती घ्यायचं ते सांगायचं. चिठ्ठीत नाही ते द्यायचं नाही. भिंतीवर टांगलेल्या परवान्याचा अर्थ हाच. पण पाड्यावरून उतरून आलेली माणसं फळीमागे उभ्या असलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षी मी "मी डॉक्टर नाही हो" म्हणत असे. दुसऱ्या वर्षी नुसता हसू लागलो. तिसऱ्या वर्षी पांढरा कोट शिवला.

आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी भात सोडला.

त्याचं असं झालं की माझं पोट माझ्या आधी गिऱ्हाइकापर्यंत पोचू लागलं होतं. मोबाइलवर एक गृहस्थ रोज सांगायचे, भात, भाकरी, साखर, बटाटा बंद करा. अंडी, पनीर, पालेभाज्या, तूप खा. चरबी आपोआप वितळेल. मी सुरू केलं, वर माझ्या मनानं मीठही सोडलं. चौथ्या दिवशी अंगातला जीव कुणीतरी काढून खुंटीला टांगल्यासारखा झाला. डोकं दुखे. वरच्या फळीवरचं औषध काढायला स्टुलावर चढायचो आणि चढायच्या ऐवजी स्टुलावरच बसून राहायचो. ते मोबाइलवाले गृहस्थ म्हणाले, घाबरू नका, शरीरातली खनिजं कमी झालीत. मॅग्नेशियम घ्या, झिंक घ्या. माझ्या तर मागेच फळी होती. हात मागे केला, दोन गोळ्या तोंडात टाकल्या. दुसऱ्या आठवड्यात मी टवटवीत! पाच महिन्यांत नऊ किलो उतरलो.

माणूस वजनानं हलका झाला की जिभेनंही होतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या पोटाकडे मी हवालदाराच्या नजरेनं बघू लागलो. कापडवाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातला भात बघून उसासे टाकले. आमची ही म्हणाली, "अहो, लोक आता तुम्हाला लग्नाला बोलवायचे नाहीत." मी म्हटलं, "समाजसुधारकांचं असंच होतं."

अशा माझ्या सुधारकीच्या ऐन बहरात जानकीबाई आली.

जानकीबाई साखरशेतची. पन्नाशीची, काटक, पण बीपी आणि साखर दोन्ही मागे लागलेली. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दर महिन्याला माझ्याकडे येई. एका आश्रमशाळेत नऊ वर्षं रोजंदारीवर स्वयंपाक करत होती. शेकडो पोरांचा भात-वरण, लाकडाची चूल, पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं तर सदरा पिळून वाळत घालावा लागेल. ही दिवसभर तिथं. पण ती नोकरी तिला जिवापाड प्यारी होती, आणि त्याला कारण होतं. मुलगा आणि सून दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. नोकरी होती म्हणून ही मागे राहू शकत होती, आणि ही राहत होती म्हणून तिची लहानगी नात सुमी भट्टीच्या धुळीत न जाता तिच्यापाशी राहत होती. शाळेत घालायचं वय व्हायचं होतं. तोवर आजीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चिंचोके खेळायची.

आमच्याकडे खेड्यातली माणसं मोठ्या साहेबालाही 'तू' म्हणतात. त्यात अपमान नसतो, उलट आपलेपणा असतो. जानकीबाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"डॉक्टर, तू लय बारीक झालास. आजारी हायस का?"

"आजारी नाही, जानकीबाई. भाकर सोडली."

"का? बायको देत नाय?"

दुकानातली माणसं हसली. मी मात्र प्रवचनाला लागलो. भाकर म्हणजे पोटात गेली की साखरच, भात म्हणजे साखर, पेज म्हणजे पातळ साखर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून हळू विचारलं, "माझ्या बहिणीचा पाय कापला, माहीत हाय ना तुला? साखरेनंच. माझा पाय राहील का असं केलं तर? मला उभं राहायचं काम हाय."

तिथं मी म्हणायला हवं होतं, दवाखान्यात जाऊन विचार. तुझ्या गोळ्या चालू आहेत, खाणं बदललं तर गोळ्याही बदलाव्या लागतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पदविकेच्या पुस्तकात होतं. पण ती मला डॉक्टर म्हणाली होती आणि दुकानात चार माणसं ऐकत होती.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणून मी औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि चित्रं काढली. भाताचं ताट, त्यावर फुली. भाकर, फुली. पेजेचा वाडगा, फुली. बटाटा, फुली. शेवटी वाटलं, हिला बीपी आहे, तर मीठही काढून टाकू. सल्ला द्यायचा तर हात आखडता कशाला? मिठाचा एक ढीग काढला आणि त्यावरही फुली मारली.

जानकीबाईनं पुठ्ठा उलटा-सुलटा केला. "ह्यो काय? वारूळ?"

"मीठ आहे ते."

"असं व्हय. मी म्हटलं, वारूळ मी तशीही नाय खात."

शहरातलं गिऱ्हाईक पथ्य घरी पाळतं आणि हॉटेलात सोडतं. म्हणून त्याचं फारसं बिघडत नाही. जानकीबाईनं तो पुठ्ठा चुलीमागच्या भिंतीला लावला आणि व्रत घेतल्यासारखं पाळलं. माझ्या फुल्या पाच, पण तिच्या ताटातून गेलं त्याहून जास्त. भाकर गेली म्हणजे भाकरीबरोबरची चटणी गेली. बाजारातून आणलेली सुकी मासळी गेली, कारण ती खारवलेली. सकाळची मीठ घातलेली पेज गेली. राहिली घरच्या कोंबड्यांची अंडी आणि अळणी उकडलेला पाला. शेकडो पोरांचा भात वाढायची आणि त्यातलं एक शीत तोंडात घालायची नाही.

आणि साखर उतरली की हो! पहिल्या महिन्यात दवाखान्यातून कागद घेऊन आली तेव्हा मी तो कागद दुकानातल्या प्रत्येकाला दाखवला. जणू परीक्षा मीच पास झालो होतो.

दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "पायात गोळे येतात. हंडा उचलला की डोळ्यापुढं काळं होतं."

मी हसलो. ओळखीचं दुखणं! "खनिजं कमी झालीत. मलाही झालं होतं." मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या.

तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "गोळे कमी नाय. पण पोट लय साफ होतं. दिवसातून चार-पाच वेळा."

मॅग्नेशियमनं जुलाब होतात हेही पुस्तकात होतं. मी म्हणालो, "बरंय की. विष बाहेर पडतंय." वर झिंकची बाटली दिली. चौथ्या महिन्यात बहुखनिजांच्या कॅप्सूल, चकचकीत डबीतल्या.

तिला देताना हात ज्या फळीवर गेला, त्याच फळीवर वीतभर अंतरावर जुलाबावर पाण्यातून द्यायची मीठ-साखरेची पुडी होती. माझी नजरही गेली तिच्यावर. मनात म्हटलं, छे, यात साखर असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी एक जीपवाला दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, तुमची ती शाळेतली बाई भाजली. दवाखान्यात आणलीय."

वरणाचा टोप उतरवताना तिला घेरी आली होती. टोप कलंडला. उजवा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. मी शहाळं घेऊन गेलो. खाटेवर पडली होती, हाताला पट्ट्या, सुमी पायाशी बसलेली. तिथली तरुण डॉक्टरीण रक्ताचा कागद बघून चक्रावली होती.

"आजी, तुमच्या अंगातलं मीठ इतकं कमी कसं झालं? काय खाता तुम्ही? मीठ कोणी बंद केलं?"

मी शहाळं हातात धरून उभा होतो. ते खाली ठेवायचं सुचेना. जानकीबाईनं माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ. मग डॉक्टरणीला म्हणाली, "मीच केलं. माझ्या मनानं."

आणि मी शहाळं खाटेखाली ठेवून बाहेर पडलो.

घरी आलो. जेवायला बसलो. हिला सगळं सांगितलं. म्हटलं, "मला कळत नाही. मीही तेच खाल्लं, मीही मीठ सोडलं होतं. मला गोळ्यांनी बरं वाटलं, तिला का नाही?"

ही ताक ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "तुमचं मीठ कुठं सुटलं होतं? ताकात दोन्ही वेळा मी घालत होते की. सूपमध्येही. तुम्ही स्टुलावर बसून राहायला लागलात तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गोळ्यांवर भाषण देत होतात. मधे कुठं बोलू?"

मी ज्या गोळ्यांची आरती ओवाळत होतो, त्यांनी माझं काहीच केलं नव्हतं. मला उभं केलं होतं ताकातल्या मिठानं.

नंतर त्या डॉक्टरणीकडे जाऊन मी आडून आडून विचारून घेतलं, "एखाद्या माणसाला असं का होत असेल?" तिनं सांगितलं ते असं. भात-भाकर एकदम कमी केली की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत. पाण्याबरोबर लघवीतून सोडून देतात. पहिल्या दिवसांतला थकवा, डोकेदुखी, घेरी पुष्कळदा यामुळेच. धडधाकट माणूस थोडं मीठ-पाणी जास्त घेतो आणि सावरतो. पण जानकीबाईच्या बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध होतं. त्यात चुलीपुढचा घाम. त्यात माझी फुली. त्यात माझ्या गोळ्यांनी झालेले जुलाब. अंगातून मीठ जायच्या चार वाटा उघड्या आणि यायची एकुलती एक वाट मी दगड रचून बंद केली होती. गोळ्यांत मॅग्नेशियम होतं, झिंक होतं, तांबं होतं, न उच्चारता येणारी दोन-चार नावं होती. जे हवं होतं ते नव्हतं, कारण ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतं आणि कंपन्या ते डबीत घालून विकत नाहीत.

हे वाचून कुणी चमच्यानं मीठ खायला लागू नका. बीपी असेल, मूत्रपिंडाचं काही असेल, तर मीठसुद्धा विचारूनच घ्यायचं आणि खाणं बदलायचं तर आधी गोळ्या दाखवायच्या. कुणाला दाखवायच्या? डॉक्टरला. पांढरा कोट शिवलेल्या प्रत्येकाला नव्हे.

इथपर्यंतची चूक मूर्खपणाची होती, आणि मूर्खपणाला निदान हसता येतं. पुढचीला मला अजून हसता आलेलं नाही.

जानकीबाई दवाखान्यातून सुटली. हात बरा व्हायला वेळ होता. शाळेतल्या बायका म्हणू लागल्या, तिला फिट येते. मी मुख्याध्यापकांना भेटायला गेलो. माणूस सज्जन, पण शेकडो पोरांच्या काळजीनं पिचलेला.

"फिट नाही सर," मी म्हणालो. "अंगातलं मीठ कमी झालं होतं. आता ठीक आहे ती."

"दवाखान्याचा कागदही तेच म्हणतो. पण मीठ का कमी झालं, ते त्यात नाही. उद्या पुन्हा पडली तर? शेजारी पोरं असतात. वरून मला विचारतील, पडणारी बाई चुलीपाशी का ठेवली."

"पुन्हा नाही होणार. ते पथ्य... ते चुकीचं होतं. मी सांगितलेलं."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही? मग प्रश्नच मिटला. एवढंच लिहून द्या. पथ्य मी सांगितलं, गोळ्या मी दिल्या, ते सगळं आता बंद आहे. सहीशिक्क्यानिशी. मी वर पाठवतो, तिची जागा राखून ठेवतो." आणि कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

त्या कागदाकडे बघताना मला जानकीबाई दिसायला हवी होती. मला दिसला भिंतीवरचा परवाना. चिठ्ठीशिवाय पथ्य, चिठ्ठीशिवाय तीन महिने उपचार, खाली माझी सही, माझा शिक्का. कुणी ठरवलं तर दुकान बंद पडायला तेवढा कागद पुरे होता.

"घरून लिहून आणतो," मी म्हणालो. "नीट शब्दांत."

नीट शब्दांत तीनदा लिहिलं. पहिल्या कागदात 'मी' होता. दुसऱ्यात मी खोडून 'काही गैरसमजातून' असं घातलं. तिसऱ्यात जानकीबाईचं मीठ आपोआपच सुटलं होतं. तिसरा कागद खिशात घालून दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. असला कागद देण्यापेक्षा न दिलेला बरा, अशी मी माझी समजूत काढली. खरा देण्याएवढं काळीज नव्हतं, एवढंच.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा टोपापाशी दुसरी बाई होती.

त्याच आठवड्यात माझ्या दुकानासमोर भट्टीकडे जाणारा टेम्पो थांबला. माणसं, गोधड्या, भांडी, कोंबड्या. जानकीबाई मागून चढत होती. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या कडेवर सुमी. मला पाहून थांबली. "येते रे डॉक्टर," म्हणाली. मी बाटल्या लावण्यात अतिशय गुंतलेला होतो. आधीच सरळ असलेल्या बाटल्या मी पुन्हा सरळ करत राहिलो, टेम्पो वळणाआड जाईपर्यंत.

तीन वर्षं गेली. दुकान आता सुनेचं. तिचं शिक्षण माझ्याहून मोठं, परवाना तिच्या नावाचा. ती गिऱ्हाइकाला सरळ सांगते, "हे मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा," आणि गिऱ्हाइकं तिला खडूस म्हणतात. माझा परवाना मी परत केला, आणि ज्याच्याजवळ काढून घेण्यासारखं काही उरत नाही त्याला येतं तसलं धैर्य मला आलं. एका सकाळी बसलो आणि सगळं लिहिलं. मी पथ्य सांगितलं. मी मीठ बंद केलं. मी गोळ्या दिल्या. जानकीबाईचा काही दोष नव्हता, तिला फिटचा आजार नव्हता. खाली सही. एकही खाडाखोड नाही.

कागद घेऊन साखरशेतला गेलो. जानकीबाई अंगणात नागली पाखडत होती. तब्येत बरी दिसली. डॉक्टरणीनं गोळ्या बदलून दिल्यात. अर्धी भाकर खाते, मीठ बेताचं, साखर आटोक्यात. उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नाही, म्हणून सूप वाकडं धरून पाखडत होती. सुमी उंच झाली होती. भट्टीवर तीन हंगाम काढून आलेली, खोकत होती. शाळेत अजून नाव घातलं नव्हतं.

मी ओट्यावर बसून कागद वाचून दाखवला. सगळा. ती पाखडत राहिली. वाचून झाल्यावर म्हणालो, "हा मी शाळेत देतो. उशीर झाला, पण..."

"किती वेळ लागला लिवायला?"

"अर्धा तास."

"तवा दिला असतास तर माझं काम राहिलं असतं?"

"राहिलं असतं," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"भाजला तो हात माझा होता, डॉक्टर. तुझा तर धड होता ना?"